मुलग्यांच्या शाळेत टर्मचा शेवट: ख्रिसमसचा कार्यक्रम आणि जाणाऱ्या शिक्षकांचा निरोप, दोन्ही नीट कसं करायचं

टर्मचा शेवटचा दिवस होता, कॅरल्स म्हणजे ख्रिसमसची गाणी गाऊन झाली होती, पोरं बॅगा उचलून निघायच्या तयारीत, आणि तेवढ्यात मी माइकवर सांगून टाकलं की पाचवीचे वर्गशिक्षक सुट्टीनंतर आपल्याकडे नसणार. टाळ्या झाल्या, घंटा झाली, हॉल रिकामा झाला. मागच्या रांगेत एक दहा वर्षांचा मुलगा तसाच बसून होता, सर कुठे दिसतात का बघत, आणि सर तोपर्यंत स्टाफरूममध्ये चहाला गेले होते. त्याला घ्यायला घरून माणूस आला आणि तो सरांना न भेटताच गेला. चूक माझी होती. तेव्हापासून मी टर्मच्या शेवटाची आखणी वेगळ्या पद्धतीनं करते, आणि ज्यांच्यावर पहिल्यांदाच ही जबाबदारी आली असेल त्यांच्यासाठी ती सगळी इथे लिहिते आहे.

आधी कॅलेंडर उलटं भरा

शेवटच्या दिवसापासून मागे मोजत या. शेवटच्या आठवड्यात रिपोर्ट कार्ड्स, राहिलेले पेपर, हरवलेल्या वस्तूंचा ढीग, पालकांचे फोन हे सगळं असतंच, त्यात कार्यक्रम आणि निरोप दोन्ही कोंबले की निरोपच मागे पडतो, कारण कार्यक्रमाला पालक येणार असतात आणि निरोपाला फक्त आपलीच माणसं. म्हणून कॅरलचा कार्यक्रम शेवटच्या दिवसाच्या तीन-चार दिवस आधी ठेवा आणि शेवटचे दोन दिवस वर्गांसाठी मोकळे सोडा.

अ‍ॅडव्हेंट, म्हणजे ख्रिसमसच्या आधीच्या चार रविवारांचा काळ, दरवर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कधीतरी सुरू होतो. तयारीची सुरुवात तिथून धरली तर पुरेसा वेळ मिळतो. अ‍ॅडव्हेंटच्या मेणबत्त्यांच्या चक्राची गोष्ट मला फार आवडते. १८३९ साली जर्मनीत हॅम्बुर्गजवळ गरीब मुलांसाठी आश्रम चालवणारे योहान हिनरिक विखर्न यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या छोट्या लाल. कारण असं सांगतात की पोरं रोज विचारायची, ख्रिसमसला अजून किती दिवस? मुलांना पुढे काय येणार आहे ते डोळ्यांनी मोजता आलं पाहिजे, एवढं त्या माणसाला कळलं होतं. लहान वर्गांत असं चक्र जरूर ठेवा, फक्त मेणबत्त्या बॅटरीच्या घ्या, तीस मुलांच्या वर्गात खरी ज्योत नको.

कोण जाणार याची यादी त्याच सुमारास हातात असायला हवी. इंग्लंडच्या सरकारी शाळांत ३१ डिसेंबरला नोकरी सोडायची असेल तर शिक्षकाला ३१ ऑक्टोबरपर्यंत राजीनामा द्यावा लागतो, मुख्याध्यापकाला ३० सप्टेंबरपर्यंत. तुमच्याकडे नियम वेगळा असेल, पण मुद्दा तोच, ऑफिसला हे बरेच आठवडे आधी माहीत असतं. मग मुलांनाच शेवटच्या दिवशी का कळावं?

मुलांना कधी आणि कोणी सांगायचं

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी हीच गाळली जाते.

जाणाऱ्या शिक्षकानं स्वतःच्या वर्गाला स्वतःच्या तोंडानं सांगायचं, बाकी शाळेच्या आधी. टर्म संपायच्या साधारण तीन आठवडे आधी. त्याहून आधी सांगितलं तर अभ्यासावरचं लक्ष उडतं, त्याहून उशिरा सांगितलं तर पचवायला वेळ मिळत नाही. दिवस आठवड्याच्या सुरुवातीचा घ्या आणि वेळ सकाळची, म्हणजे मुलांना प्रश्न पडले तर विचारायला तोच माणूस दिवसभर समोर असतो, शुक्रवारी शेवटच्या तासाला सांगितलं की मुलं ते घरी घेऊन जातात आणि शनिवार-रविवारी त्याच्यावर काहीबाही रचत बसतात. पालकांना पत्र त्याच दिवशी संध्याकाळी जाऊ दे. एक दिवस आधी गेलं तर मुलांना घरूनच कळतं, आणि वर्गात बसून सरांच्या तोंडून ऐकणं वेगळं.

काय सांगायचं? जातोय, अमुक दिवस शेवटचा, आणि माझ्यानंतर कोण येणार. नाव पक्कं झालं नसेल तर सरळ सांगा, अजून ठरलेलं नाही, ठरलं की तुम्हाला पहिल्यांदा सांगू. आणि सांगाच मग. कारणाच्या खोलात शिरायची गरज नाही, पण "तुमच्यामुळे नाही" हे वाक्य मात्र मोठ्यानं म्हणायचं. तुम्हाला वाटेल हे कशाला, पण दंगा करणाऱ्या वर्गातल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांना खरंच वाटतं की आपण त्रास दिला म्हणून सर चालले. हे मी एकदा नाही, अनेकदा ऐकलंय.

मोठी मुलं, तेरा-चौदाची, बातमी ऐकून "बरं" एवढंच म्हणतील आणि खिडकीबाहेर बघतील. त्यांना काही वाटत नाही असं समजू नका. त्यांना बोलायला लावू नका, काम द्या. खुर्च्या लावणं, दिव्यांच्या माळा सोडणं, साउंड सांभाळणं, सरांसाठी वर्कशॉपमध्ये लाकडाची एखादी वस्तू बनवणं. हात कामात असले की ही मुलं बोलायला लागतात, आणि सगळ्यात जास्त बोलतात ते शिडी धरून उभी असताना.

कॅरल्स आणि फुटलेले आवाज

मुलग्यांच्या शाळेत गाण्याची अडचण एकच आणि ती दरवर्षी नव्यानं येते. बारा ते चौदाच्या आसपास आवाज फुटतो, प्रत्येकाचा वेगळ्या महिन्यात, आणि सप्टेंबरमध्ये वरच्या पट्टीत छान गाणारा मुलगा डिसेंबरमध्ये मधेच घोगरा होतो. त्याला "तू नुसते ओठ हलव" असं कधीही म्हणू नका, ते वाक्य माणूस आयुष्यभर विसरत नाही. त्याऐवजी हे करा:

- कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी प्रत्येकाचा आवाज पुन्हा ऐका. ऑक्टोबरमधली विभागणी डिसेंबरमध्ये चालत नाही.
- आवाज फुटत असलेल्या मुलांना थोड्याच सुरांत फिरणारी सोपी ओळ द्या, नाहीतर एकच सूर धरून ठेवायला द्या, तो आधार म्हणून ऐकायलाही छान लागतो.
- गाण्याची पट्टी खाली आणा. छापील पट्टी पवित्र नसते.
- सोलोसाठी, म्हणजे एकट्यानं गायच्या भागासाठी, एक नाही, तीन मुलं तयार ठेवा.

इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ख्रिसमसच्या कॅरल कार्यक्रमात तर पहिला सोलो कोण गाणार हे अगदी सुरू व्हायच्या क्षणी ठरतं, तोवर बरीच मुलं तयार असतात, म्हणजे एकाच मुलाला रात्रभर झोप नाही असं होत नाही. आपण तेवढं ताणायची गरज नाही, पण सर्दी कुणालाही होते.

पियानो किंवा ऑर्गन नसेल तर हिरमुसू नका. आज जगभर गायली जाणारी 'सायलेंट नाइट' १८१८ साली ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात पहिल्यांदा गायली गेली ती गिटारवर, आणि तिला चाल लावणारे फ्रान्झ ग्रुबर हे शाळामास्तर होते. एक गिटार आणि साठ मुलं, पुरतं.

निरोप कार्यक्रमात असा गुंफा

मला खूप वर्षांनी सापडलेली युक्ती ही. बायबलमधली नऊ वाचनं आणि मधे मधे कॅरल्स, हा जो कार्यक्रम आज अनेक शाळांत होतो तो १८८० साली इंग्लंडमधल्या ट्रुरो इथे बिशप बेन्सन यांनी २४ डिसेंबरला सुरू केला, तेव्हा तिथलं कॅथेड्रल बांधून व्हायचं होतं आणि कार्यक्रम लाकडी शेडमध्ये झाला. पुढे १९१८ मध्ये, पहिलं महायुद्ध संपल्या संपल्या, किंग्ज कॉलेजचे धर्मगुरू एरिक मिलनर-व्हाइट यांनी तो तिथे आणला आणि १९२८ पासून बीबीसी रेडिओवर यायला लागला. माझ्या कामाची गोष्ट त्यातल्या क्रमाची आहे: पहिलं वाचन कॉयरमधल्या, म्हणजे गायनवृंदातल्या, मुलाचं आणि शेवटचं बिशपचं, म्हणजे लहानापासून मोठ्यापर्यंत चढत जायचं.

आम्ही हाच क्रम घेतला. पहिलं वाचन शाळेतल्या सगळ्यात लहान मुलाचं, मग एकेक वर्ग वर, मग ऑफिसमधलं कुणीतरी, ग्राउंड सांभाळणारे काका, आणि शेवटची वाचनं या टर्मला जाणाऱ्या शिक्षकांची. वाचायच्या आधी फक्त एवढं सांगायचं, की अमुक सर, या शाळेत इतकी वर्षं, आज त्यांचं शेवटचं वाचन. भाषण नाही, हार नाही, मधेच टाळ्या नाहीत. हॉलमध्ये जी शांतता होते ती कुठल्याही भाषणानं होत नाही. वाचन बायबलमधलंच हवं असा हट्ट धरू नका, जाणारे सर किंवा टीचर ख्रिश्चन नसतील तर एखादी कविता, हिवाळ्याचं वर्णन, प्रवासातला उतारा, त्यांना जे मनापासून वाचावंसं वाटेल ते.

मुलांच्या बाबतीतही तेच. ज्यांच्या घरी ख्रिसमस नसतो त्यांच्या पालकांना कार्यक्रमात काय काय आहे ते आधी लिहून कळवा, आणि कुणाला प्रार्थनेच्या भागात बसायचं नसेल तर त्याला लायब्ररीत एकटं बसवून ठेवू नका, दिव्यांचं किंवा कार्यक्रमपत्रिका वाटायचं काम द्या, म्हणजे तो कार्यक्रमाच्या आतच राहतो.

खरा निरोप मात्र वर्गात, शेवटच्या दोन दिवसांत. अर्धा तास बास. प्रत्येक मुलानं एका कागदावर एकच गोष्ट लिहायची: सरांनी शिकवलेलं किंवा सांगितलेलं काय लक्षात राहिलंय? "गुड लक सर, वी विल मिस यू" लिहिलेली चाळीस कार्डं कुणी परत वाचत नाही, पण "तुम्ही मला लाँग डिव्हिजन तिसऱ्यांदा न चिडता शिकवलं" हे वाक्य माणूस जपून ठेवतो. गिफ्टसाठी मुलांकडून पैसे गोळा करू नका. कोण किती देतो हे वर्गात लगेच कळतं आणि ज्याच्याकडे नसतात तो त्या दिवशी गैरहजर राहतो.

आणि स्वयंपाकघरातले, सफाईचे, बसवरचे, लायब्ररीतले कुणी जाणार असतील तर त्यांचाही निरोप तसाच, त्याच हॉलमध्ये. काही मुलं दिवसभरात सगळ्यात मोकळेपणानं बोलतात ती याच माणसांशी. एखादी व्यक्ती वादातून, मन दुखावून चालली असेल तर तिला स्टेजवर यायला भाग पाडू नका, आधी एकट्यात विचारा आणि नको म्हणाली तर नको.

चार्ज देणं

हे कंटाळवाणं काम आहे म्हणून लांबणीवर पडतं, पण टर्म संपल्यावर फोनवर विचारत बसण्यापेक्षा एक दुपार काढा. प्रत्येक वर्गासाठी: कुठपर्यंत शिकवून झालं, काय राहिलं, मार्क कुठल्या फाइलमध्ये आहेत. प्रत्येक मुलासाठी दोन ओळी. कुणाला फिट येते, कुणाला चष्मा असून तो घालत नाही, कुणाला मोठ्यानं वाचायला सांगितलं की घाम फुटतो, कुणाच्या घरी सध्या काय चाललंय. तब्येतीचं आणि घरचं ऑफिसच्या नोंदीतूनच द्या, सुट्या कागदावर नको. मतं लिहू नका, "दंगेखोर" हा शब्द नव्या शिक्षकाच्या डोक्यात वर्षभर बसतो, त्याऐवजी "दाराजवळ बसवलं की शांत राहतो" असं लिहा, ते उपयोगी पडतं. बोर्डाच्या वर्गांना प्राधान्य, त्यांचं वर्ष मधेच तुटतंय.

किल्ल्या, पासवर्ड, लायब्ररीची पुस्तकं, ट्रिपचे उरलेले पैसे, सगळं सही घेऊन. मुलांना स्वतःचा फोन नंबर देऊ नका, कितीही जीव असला तरी, पत्र लिहायचं तर शाळेच्या पत्त्यावर.

नवीन शिक्षकाच्या चौकशीची कागदपत्रं सुट्टीच्या आधी पूर्ण झालीत का बघा, म्हणजे गुन्ह्याची नोंद नाही ना याची तपासणी, इंग्लंडमध्ये डीबीएस चेक म्हणतात ते, प्रत्येक देशात काही ना काही असतंच आणि सुट्टीत ऑफिसं बंद असतात. ते झालं की त्यांना टर्म संपायच्या आत एक तास वर्गात बोलवा. जुन्या सरांनी ओळख करून द्यायची आणि मग मागे जाऊन बसायचं. मुलांना दिसतं की या दोघांचं एकमेकांशी पटतंय, आणि सुट्टीनंतरची अर्धी लढाई तिथेच संपते.

सुट्टीनंतरचा पहिला दिवस

नवीन आलेल्यांना माझं एकच सांगणं असतं, पहिले दोन आठवडे बसायच्या जागा आणि वर्गाचे नियम बदलू नका. मुलं तुम्हाला ताणून बघणार, "आमचे आधीचे सर असं करायचे" हे दिवसातून दहा वेळा ऐकू येणार, त्यावर "मग ते कसं करायचे, सांग बरं" एवढं विचारा आणि खरंच ऐका.

आणि जाणाऱ्या शिक्षकाकडून वर्गासाठी एक छोटं पत्र लिहून घ्या, नव्या शिक्षकानं पहिल्या सकाळी वाचून दाखवायला, बंद पाकिटात. ते पाकीट हजेरीपटात ठेवा, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नको, सुट्टीत वर्ग साफ करताना ड्रॉवर रिकामे होतात.