मूल ‘आळशी’ वाटतंय? क्लास लावण्याआधी या चुका टाळा

“ताई, आमचा मुलगा खेळतच नाही. कुठला क्लास लावू?” वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळच्या एका बालवाडीत मी बरीच वर्षं शिकवलं आणि हा प्रश्न दरवर्षी ऐकला. मी उलट विचारायची, “तो दिवसभरात कुठे कुठे बसतो, तेवढं सांगा.” मग यादी निघायची. सकाळी दूध पिताना टीव्हीसमोर, मग शाळेच्या रिक्षात, वर्गात, जेवताना मोबाइलपुढे, संध्याकाळी बाबांच्या स्कूटरवर. चार वर्षांच्या जिवाला हलायला दिवसात फटच उरलेली नसायची. लहान मूल मुळात आळशी नसतं. आपण त्याला बसवतो, आणि तेही मायेपोटी.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं तरी धावण्या-उड्या मारण्याची असावीत. तीन तास ऐकून पालक घाबरतात. पण हे तुकड्यातुकड्यांनी भरतं : जिना चढणं, कुंड्यांना तांब्यातांब्यानं पाणी घालणं, वाळलेले कपडे गच्चीवरून आणणं, सोसायटीत पकडापकडी. बाबागाडीत किंवा खुर्चीत मुलाला सलग तासाभराहून जास्त अडकवू नये, असंही त्याच सूचनांत आहे. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी.

कडेवरून बाग दाखवणं

१८७९ साली सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या कमाटीबागेत रविवारी हे चित्र हमखास दिसतं. फाटकापासून मूल कडेवर, मग प्राणी बघायलाही कडेवरच. घरी आल्यावर सगळे म्हणतात, आज बाळ खूप फिरलं. त्याला खाली उतरवा. ते मुंगीपाशी थांबेल, काठी उचलेल, उलट्या दिशेला पळेल. बागेचा एकच कोपरा बघून झाला तरी चालेल. घाई आपल्याला असते, त्याला नसते. मूल चिकटूनच राहत असेल तर “जा, खेळ जा” म्हणून ढकलू नका. चपला काढून तुम्हीच गवतावर बसा, चेंडू घरंगळत सोडा. बहुतेक मुलं थोड्या वेळानं आपणहून मांडीवरून उतरतात.

वॉकर

पांगुळगाडा आणि वॉकर एकच, असं पुष्कळांना वाटतं. पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं, तोल स्वतः सांभाळतं. वॉकरमध्ये ते झोळीत बसतं आणि पायाच्या बोटांनी जमीन रेटतं. त्यानं चालणं लवकर येत नाही, उलट जिन्यावरून पडण्याचा धोका वाढतो. कॅनडानं २००४ सालीच वॉकरवर बंदी घातली. फरशीवर सतरंजी टाकून मोकळं सोडणं सगळ्यात बरं.

व्यायामाची शिक्षा, मोबाइलचं बक्षीस

याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. “मस्ती केलीस ना? काढ दहा उठाबशा!” आणि “शहाण्यासारखा बस, मग मोबाइल देते.” या दोन वाक्यांतून मूल एकच गोष्ट शिकतं : अंग हलवणं वाईट मुलांसाठी, बसून राहणं चांगल्या मुलांसाठी. एके वर्षी मीही गडबड करणाऱ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. पुढे खेळाच्या तासाला मी “चला, पळा!” म्हटलं, तेव्हा एका मुलीनं घाबरून विचारलं, “ताई, मी काय केलं?” त्या दिवसापासून ती शिक्षा बंद केली. आपलं गाव तालमींचं. व्यायामाचे उस्ताद जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी इथे पिढ्या घडवल्या. आखाड्यातही बैठकाच काढतात, पण तिथे पोरं त्या अभिमानानं मोजतात.

म्हणून हालचालीलाच बक्षीस करा. जेवण नीट झालं की दोघं मिळून कोपऱ्यापर्यंत लंगडी घालत जाऊ. पाऊस पडला की डबक्यात उड्या. आणि कौतुक करताना “पहिला आलास” ऐवजी “आज दोन पायऱ्या जास्त चढलास” म्हणा. पहिलं येण्याच्या नादात मागे राहणारं मूल खेळच सोडतं. चार वर्षांच्या मुलाला एकाच खेळाच्या क्लासला जुंपायचीही गरज नाही. डोंगर-पाणी, लगोरी, विषामृत यांत पळणं, वाकणं, नेम धरणं सगळं येतं.

घास घेऊन मागे धावणं

काय, कधी आणि कुठे वाढायचं ते आपण ठरवावं. किती खायचं ते मुलानं. नवी भाजी पहिल्यांदा थुंकली म्हणजे नावडती झाली असं नाही. कुणाला ती आवडायला दहा-पंधरा वेळाही चाखावी लागते. जेवणाआधी तासभर लीलो चिवडा (इथला बटाट्याचा ओलसर चिवडा) किंवा बिस्किटं हातात दिली असतील तर भूक लागणारच नाही. दूधही दिवसाला अर्ध्या लिटरपुढे गेलं की पोट त्यानंच भरतं आणि लोह कमी पडतं.

वेळ न बघणं

मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार जातो. खेळ सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. मधे मधे पाणी. दुपारी घरात गादीवर कोलांट्या, उशांचा डोंगर. नवरात्रीत शेरी गरब्यात, म्हणजे गल्लीतल्या गरब्यात, लहानग्यांना जरूर नाचू द्या, पण त्यांच्यापुरता नऊला संपवा. तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, आणि अपुऱ्या झोपेचं मूल दुसऱ्या दिवशी खेळत नाही, किरकिरतं.

“पाय दुखतात” म्हणालं तर

संध्याकाळी किंवा रात्री दोन्ही पोटऱ्या दुखतात, चोळल्यावर बरं वाटतं आणि सकाळी पोर पळतं, असं असेल तर सहसा काळजीचं कारण नसतं. पण एकच पाय दुखतोय, सूज आहे, लंगडतंय, ताप आहे किंवा सकाळी उठल्यावर सांधे आखडतात, तर त्याला “नाटकं” म्हणू नका. थोडं खेळल्यावरच धाप लागणं, ओठ निळसर दिसणं, दीड वर्ष होऊनही चालायला न लागणं, हेही बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना दुखणं कधी सुरू होतं आणि किती वेळ टिकतं ते चार दिवस वहीत टिपून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.