चढाच्या लांब राइडला खायचं कधी, प्यायचं किती

सायकलवर सपाट रस्त्यावर शंभर किलोमीटर आरामात मारणारे लोक डोंगराळ रस्त्यावर सत्तरातच गळून जातात, आणि मग सगळ्यांना वाटतं की पाय कमी पडले, अजून ट्रेनिंग करायला पाहिजे. बऱ्याचदा पाय ठीकच असतात हो, पोटात काही गेलेलं नसतं. चढाच्या रस्त्यावर भूक लागली की खाऊ, तहान लागली की पिऊ हा हिशोब चालतच नाही, कारण जेव्हा भूक लागते तेव्हा तुम्ही नेमके चढात धापा टाकत असता, घास चावायला दम नसतो, किंवा मग उतारावर दोन्ही हात ब्रेकवर असतात. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, कधी खायचं ते रस्ता बघून ठरवा, भुकेची वाट बघू नका.

आधी थोडा हिशोब, तो कळला की बाकीचं आपोआप पटतं. तुम्ही आणि सायकल मिळून 80 किलो धरा. 1000 मीटर उंची चढायची म्हणजे साधारण 785 किलोज्यूल काम फक्त वजन वर न्यायला लागतं, आणि आपलं शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातली जेमतेम पाव पॅडलपर्यंत पोचते, बाकी उष्णता होऊन जाते, त्यामुळे पॅडलवर एक किलोज्यूल काम झालं की शरीरात साधारण एक किलोकॅलरी (जिला आपण बोलताना नुसतं कॅलरी म्हणतो) जळली असं धरायला हरकत नाही. म्हणजे नुसत्या त्या 1000 मीटरला पावणेआठशे कॅलरी गेल्या, वारा आणि टायरचं घर्षण वेगळंच. आता शरीरात स्नायू आणि लिव्हर मिळून ग्लायकोजन, म्हणजे साठवून ठेवलेली साखर, असतं 400 ते 500 ग्रॅम, म्हणजे 1600 ते 2000 कॅलरी. फॅटही जळत असतं, पण चढ जेवढा जोरात मारू तेवढा ग्लायकोजनचा वाटा वाढत जातो, आणि जोर लावून चालवलं तर दीड-दोन तासात ही टाकी तळाला जाते. पाच तासांची राइड फक्त सकाळच्या नाश्त्यावर का होत नाही ते यातून कळेल.

तर तासाला किती? दोन-अडीच तासांपर्यंतच्या राइडला तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब (कार्बोहायड्रेट, म्हणजे साखर-स्टार्च) पुरतात. त्याहून लांब असेल तर 60 धरून चला आणि पोटाला सवय झाली की 90 पर्यंत जाता येतं, पण 60 च्या पुढे जायचं तर नुसतं ग्लुकोज घेऊन उपयोग नाही, आतड्यातला ग्लुकोज आत घेणारा रस्ता साधारण तेवढ्यावरच भरतो. फ्रुक्टोज दुसऱ्या रस्त्याने आत जातं, म्हणून दोन्ही मिळून जास्त पचतं. घरातली साधी साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज अर्धं फ्रुक्टोजच असते, त्यामुळे महागडी पावडर नसली तरी काही अडत नाही.

पाच तासांच्या राइडचं उदाहरण घेऊ, 60 प्रमाणे 300 ग्रॅम झाले. मध्यम केळ्यात 25 च्या आसपास असतात, दोन केळी म्हणजे 50. ब्रेडच्या दोन स्लाइस आणि मध्ये भरपूर जॅम लावला की 50 च्या जवळपास जातं, अशी दोन सँडविच म्हणजे 100. सहा लहान खजूर 30. उरलेले 120 बाटल्यांमधून, अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या, प्रत्येकीत 30 ग्रॅम साखर. झाले 300. उकडलेला बटाटा मीठ लावून नेला तरी छान, गोड खाऊन खाऊन तोंड विटतं तेव्हा तो फार कामाला येतो, आणि तोंड विटणं ही छोटी गोष्ट नाही बरं, चौथ्या तासाला लोक खाणं थांबवतात ते बहुतेक वेळा पोट भरलंय म्हणून नाही तर गोडाची शिसारी आली म्हणून. जेल (छोट्या पाकिटातून पिळून खायचा साखरेचा दाट पाक) मात्र शेवटच्या चढासाठी ठेवा, साधारण 20-25 ग्रॅम कार्ब असतात, चावावं लागत नाही, फक्त सोबत पाण्याचे दोन घोट घ्या. तेलकट, खूप प्रोटीनवालं किंवा खूप फायबरवालं राइडमध्ये नको, ते पोटातून हलायला वेळ लावतं.

आता रस्त्याप्रमाणे कसं लावायचं. आदल्या दिवशी रूटचा एलेव्हेशन प्रोफाइल, म्हणजे चढ-उताराचा आलेख, उघडा, मोठे चढ किती आणि कुठून सुरू होतात ते बघा, आणि प्रत्येक चढाच्या 15-20 मिनिटं आधी खायची जागा ठरवून टाका. घन पदार्थ सगळे तिथे, सपाटीवर, श्वास शांत असताना. चढ सुरू झाल्यावर खाल्लेलं पोटात नुसतं पडून राहतं कारण जोर लावला की रक्त पायांकडे वळतं, आतड्याला कमी मिळतं, मग मळमळ, ढेकर, पोटात गच्च. अर्ध्या तासाहून लांब चढ असेल तर मध्ये काहीतरी लागतंच, तिथे बाटलीतलं गोड पाणी किंवा जेल, छोटे छोटे घोट, आणि जिथे चढ जरा मोडतो, वळणानंतर चार पॅडल हलके जातात ना, तिथे प्या. माथ्यावर पोचल्या पोचल्या तोंडात काही कोंबू नका, दोन मिनिटं श्वास बसू द्या, मग खा, आणि उतार सुरू व्हायच्या आधी खाऊन संपवा. थंडीत जॅकेटपण तिथेच चढवा, घामाने ओला झालेला माणूस उतारावर झटकन गारठतो आणि गारठल्यावर तहान कुठे पळते कळतही नाही, पण तहान गेली म्हणजे पाण्याची तूट भरून निघाली असं थोडंच आहे.

पहिलं खाणं निघाल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात व्हायलाच पाहिजे, भूक असो नसो. इथेच सगळे कंटाळा करतात. नंतर दर 20-25 मिनिटांनी थोडं थोडं, घड्याळात किंवा सायकल कॉम्प्युटरवर अलर्ट लावून ठेवा. आणि रॅपर घरूनच थोडी फाडून ठेवा, सँडविचचे चार तुकडे करून वेगवेगळे गुंडाळा, आधी खायचं ते जर्सीच्या उजव्या खिशात, रिकामी रॅपर डाव्या खिशात. ऐकायला बारीकसारीक वाटतं, पण घामेजलेल्या ग्लोव्ह्जनी गच्च चिकटवलेलं पाकीट एका हाताने उघडायचा प्रयत्न करून बघा, दोनदा झटापट होते आणि तिसऱ्यांदा माणूस म्हणतो जाऊदे, पुढे खाऊ. ते पुढे खाऊ म्हणजेच बॉन्क, म्हणजे शरीरातली साखर संपून एकदम गळून जाणं.

पाण्याचं गणित माणसागणिक वेगळं असतं. घाम तासाला अर्धा लिटर जाणारे आहेत आणि उन्हात दीड लिटरच्या वर जाणारेही आहेत, शिवाय चढात वेग कमी म्हणून वारा लागत नाही, सपाटीपेक्षा जास्त घाम निथळतो. स्वतःचा आकडा काढायचा सोपा उपाय आहे, राइडच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा, जेवढे किलो कमी झाले त्यात प्यायलेले लिटर मिळवा (मध्ये लघवी झाली असेल तर तेवढं वजा), तासांनी भागा. उन्हात एकदा आणि गार हवेत एकदा करा, दोन आकडे मिळतील. गेलेला सगळा घाम राइडमध्येच भरून काढायची गरज नाही, वजन 2 टक्क्यांच्या पलीकडे उतरू द्यायचं नाही एवढं बघा, म्हणजे 70 किलोच्या माणसाला 1.4 किलो.

उलटी चूक जास्त धोक्याची आहे, तीही सांगतो. नुसतं साधं पाणी ढसाढसा पीत राहिलं, घामाहून जास्त, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं, आणि राइडनंतर वजन चक्क वाढलेलं दिसतं. असं दिसलं तर आणखी पाणी पाजू नका. माणूस गोंधळलेला किंवा गुंगीत असेल तर थेट डॉक्टरकडे न्या, हे प्रकरण जिवावर बेतू शकतं. मीठ घातलं म्हणून कितीही प्यायला मोकळे असंही नाही, आपल्या घामाच्या आकड्याच्या खालीच राहायचं.

घरचं ड्रिंक असं करा: एक लिटर पाणी, 60 ग्रॅम साखर म्हणजे सपाट पाच मोठे चमचे, पाव लहान चमचा मीठ म्हणजे साधारण 600 मिलिग्रॅम सोडियम, चवीला लिंबू. याहून गोड केलं की पोटातून उतरायला वेळ लावतं. ज्यांच्या जर्सीवर वाळल्यावर पांढरे पट्टे उमटतात त्यांनी मीठ थोडं वाढवावं. दोन बाटल्या असतील तर एकीत हे आणि दुसरीत साधं पाणी, जेल किंवा खजुराबरोबर साधंच बरं लागतं.

वजन वाचवायला चढाआधी बाटली ओतून टाकणारे लोक मी बघितलेत, त्यांच्यासाठी हा हिशोब. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो, 80 किलोवर 0.6 टक्के, तासाभराच्या चढात वीसेक सेकंद. त्या वीस सेकंदांसाठी कोरड्या तोंडाने घाट चढायचा? पुढचं पाणी माथ्याच्या आधी नक्की मिळणार असेल तरच बाटली अर्धी ठेवा.

एवढं करूनही कधीतरी बॉन्क होतोच. चिडचिड सुरू होते, गिअर कुठला टाकायचा सुचत नाही, थंड घाम, हात थरथरतात, पाय पोकळ वाटतात. तिथे ओढत नेऊ नका. थांबा, बसा, 30-40 ग्रॅम झटपट साखर, जेल किंवा गोड ड्रिंक, घ्या, 15 मिनिटं द्या, मग काहीतरी घन खा आणि हलक्या गिअरवर निघा. उतार समोर असेल तर डोकं ठिकाणावर आल्याशिवाय उतरूच नका. डायबेटिस असलेल्यांनी मात्र हे सगळे आकडे आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचे.

पोटालाही ट्रेनिंग लागतं. आज 20 ग्रॅमवर चालवणाऱ्याने उद्या एकदम 80 घेतले तर पोट बंड करणारच, दर आठवड्याच्या लांब राइडला दहा-दहाने वाढवा, आणि मोठ्या राइडच्या दिवशी नवीन काहीही पहिल्यांदा खाऊन बघू नका. घरी आलात की पहिल्या तासात वजनाच्या किलोमागे 1 ग्रॅम कार्ब आणि 20-30 ग्रॅम प्रोटीन, आणि जेवढं वजन घटलं त्याच्या दीडपट पाणी पुढच्या काही तासांत हळूहळू, सोबत खारट जेवण. दुसऱ्या दिवशी परत चढ मारायचा असेल तर यात टंगळमंगळ नको.