पुण्यात बदली झाली: मुलांसाठी प्राथमिक शाळा कशी निवडावी

पुण्याला बदली झाली की घरात पहिला विषय निघतो तो भाड्याच्या घराचा. ऑफिस हिंजवडीत असेल तर वाकड, खराडीत असेल तर वाघोली, असा हिशेब होतो, डिपॉझिट दिलं जातं आणि मग जूनच्या तोंडावर शाळांचे उंबरठे झिजवणं सुरू होतं. लातूरहून येताना आम्ही हेच केलं. मुलगी दुसरीत जाणार होती. घर हवेशीर मिळालं, पण जागा शिल्लक असलेली शाळा निघाली ११ किलोमीटरवर. वर्षभर ती सकाळी सव्वासहाला बसमध्ये चढायची आणि दुपारी जेवतानाच पेंगायची. पुढच्या वर्षी शाळा तीच ठेवली आणि घर हलवलं. त्यामुळे इथे लिहिलेला क्रम अनुभवातून आला आहे.

पहिली पायरी: आधी शाळा, मग घर

नकाशावर ऑफिसभोवती नव्हे, शाळेभोवती वर्तुळ काढा. मोठ्यांना तासाभराचा प्रवास झेपतो, सहा-सात वर्षांच्या मुलाला झेपत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या राज्याच्या नियमांतही पहिली ते पाचवीसाठी शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत असावी असंच धरलेलं आहे. पुण्यात अंतर किलोमीटरात मोजून भागत नाही, ते मिनिटांत मोजावं लागतं. कात्रज-कोंढवा रस्ता किंवा मुंढव्याचा चौक मध्ये येत असेल, तर शाळेच्या वेळेला एकदा स्वतः तो रस्ता करून बघा. रविवारी दुपारी केलेली फेरी काहीच सांगत नाही.

चौकशीला दिवाळीच्या आसपास लागा. बऱ्याच खासगी शाळांचे प्रवेश जानेवारीपर्यंत उरकलेले असतात. शिवाय सीबीएसईच्या अनेक शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि राज्य मंडळाच्या शाळांचं जूनच्या मध्यावर. मे महिन्यात सामान हलवणार असाल, तर हा फरक आधीच डोक्यात असलेला बरा.

दाखला हातात घेण्याआधी नीट वाचा

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा. जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला निघतो तो जनरल रजिस्टरवरून, म्हणजे शाळेत प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदवहीवरून. त्यात मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, जात-पोटजात अशा नोंदी असतात. या नोंदी मूल शाळेच्या पटावर असेपर्यंत दुरुस्त करणं सोपं असतं. एकदा नाव कमी झालं की त्याच दुरुस्तीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत खेटे घालावे लागतात. पुढे जातपडताळणीच्या वेळी हीच शालेय नोंद पुरावा म्हणून बघितली जाते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी शाळेत जाऊन रजिस्टरमधली मुलाची ओळ दाखवायला सांगा आणि जन्मदाखला व आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. ‘श्रावणी’चं ‘श्रावनी’ झालेलं असतं, आणि ते आत्ताच सापडायला हवं.

दाखल्यासोबत प्रगतिपुस्तकाची प्रत आणि मुलाचा सरल (राज्याची ऑनलाइन विद्यार्थी-नोंद) किंवा यू-डायसचा (देशभरातल्या शाळांची आणि विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद) क्रमांक मागून घ्या. नव्या शाळेला ऑनलाइन नाव ओढून घेताना तो लागतो. दुसऱ्या राज्यातून येत असाल, तर दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी आधीच करून आणा.

शाळेला मान्यता आहे का, आणि कुणाची?

वाढत्या उपनगरांत रंगीत फलक लावून शाळा चटकन उभी राहते. फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलेलं असेल, तर सावध व्हा. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. संलग्न शाळांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर असते, तिथे नाव शोधा. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला स्वतःचा, मुलाच्या क्रमांकाहून वेगळा, ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो आणि महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो. तो शाळेकडून मागा आणि यू-डायसच्या ‘नो युवर स्कूल’ पानावर टाका. वर्गखोल्या किती, शिक्षक किती, स्वच्छतागृहं किती, सगळं दिसतं. अनधिकृत शाळांची यादीही शिक्षण विभाग दरवर्षी जाहीर करतो, तीही चाळा.

मंडळ कोणतं, यावर पालक फार रात्री जागवतात. माझ्या मते चौथीपर्यंत मंडळापेक्षा वर्गशिक्षिका मोठी. तुमची नोकरी राज्याबाहेर फिरतीची असेल, तर सीबीएसई सोयीचं, एवढंच लक्षात ठेवा. वयाची अट मात्र तपासा. राज्यात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण लागतात, तर केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला. ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल केंद्रीय विद्यालयात एका इयत्तेने मागे येऊ शकतं.

माध्यम

गावी मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला शहरात आलो म्हणून थेट इंग्रजी माध्यमाच्या तिसरीत घालणं, हा मला सगळ्यात धोक्याचा निर्णय वाटतो. मुलाचं घर बदललं, मित्र गेले, आजी-आजोबा लांब राहिले. त्यात वर्गातली भाषाही गेली, तर हात वर करून प्रश्न विचारणारं मूल गप्प होतं. ते गप्प झालं हे पालकांना महिनोन्महिने कळत नाही, कारण वह्या तर भरलेल्या असतात. पुण्यात चांगल्या मराठी शाळा आहेत, आणि सेमी-इंग्रजीचा मधला रस्ताही आहे: गणित इंग्रजीतून, पुढे विज्ञानही, बाकी सगळं मराठीतून. महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर इंग्रजी, उर्दू आणि कन्नड माध्यमातही चालतात. त्या न बघताच यादीतून खोडू नका. आमच्या ओळखीतली दोन मुलं महापालिकेच्या शाळेत गेली आणि तिथल्या बाईंनी त्यांच्यासाठी जे केलं ते पैसे मोजून मिळालं नसतं.

परराज्यातून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट: २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. मुलाला अक्षरओळख नसेल, तर शाळा त्यासाठी काय करते हे विचारा.

शाळा साध्या दिवशी बघा

‘ओपन डे’ला भिंती सजलेल्या असतात. तुम्ही मधल्या आठवड्यात, मधल्या सुट्टीच्या जरा आधी वेळ मागा. वर्गाच्या दारात पाच मिनिटं उभे राहा. बाई बोलतात किती, मुलं बोलतात किती? मागच्या बाकावरच्या मुलांची नावं बाईंना येतात का? फळ्यावरचं उतरवून घेणं एवढंच चाललं आहे की काही हाताळणं, मोजणं, विचारणं चाललं आहे? पट विचारा. कायद्याच्या प्रमाणात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक बसतो.

मग स्वच्छतागृहात जा. पाणी आहे का, कडी आतून लागते का आणि लहान मुलाचा हात तिथे पोहोचतो का, ते बघा. अनेक मुली दिवसभर पाणी पीत नाहीत ते याच कारणाने. शेवटी दोन वाजता फाटकाबाहेर थांबलेल्या आयांशी बोला. ‘शाळा कशी आहे?’ असं विचारलं तर ‘चांगली आहे’ हेच उत्तर येतं. ‘गेल्या वर्षी तुमच्या मुलाच्या बाई किती वेळा बदलल्या?’ असं विचारा.

पैसे

वर्षाचा एकूण खर्च लेखी मागा: फी, सत्र शुल्क, बस, गणवेश, पुस्तकं, सहली. फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजूर व्हावी लागते. देणगी मागणं आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेणं, दोन्ही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ खाली दंडनीय आहे. बसमध्ये परिचर असलाच पाहिजे. आधी एक दिवस थांब्यावर उभे राहून तो खरंच असतो का, हे बघा.

खासगी विनाअनुदानित शाळांत शिक्षणहक्क कायद्याने वंचित आणि आर्थिक दुर्बल मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांची आशा धरून येत असाल, तर हे माहीत असू द्या: या जागा फक्त शाळा जिथून सुरू होते त्या वर्गाला असतात आणि अल्पसंख्याक शाळांना त्या लागू नाहीत. तिसरीत येणाऱ्या मुलाला त्या मिळत नाहीत. आर्थिक दुर्बल गटासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख आहे, मात्र वंचित गटातल्या मुलांना ती नाही. भाड्याने राहत असाल, तर भाडेकरार नोंदणी केलेला आणि किमान ११ महिन्यांचा हवा. साध्या स्टॅम्पपेपरवरचा चालत नाही.

वर्षाच्या मध्ये आलात तर

घाबरू नका. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही, आणि दाखला यायला उशीर झाला हे नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाऊन हे शांतपणे सांगा आणि अर्जाची पोच घ्या.

पहिले तीन आठवडे शिकवणी लावू नका. संध्याकाळी मुलाला मैदानावर सोडा. ‘आज काय शिकवलं?’ याऐवजी ‘आज डबा कुणाबरोबर खाल्लास?’ एवढंच विचारा. उत्तरात एकच नाव दोन-तीनदा आलं, की त्या मुलाला रविवारी घरी बोलवा.