सरसकट ‘कुकीज उडव’ म्हणण्याआधी: लॉगिन, अर्ज आणि पैसे अडकवणाऱ्या या चुका टाळा

गेल्या जूनमध्ये बारावी झालेली एक मुलगी आमच्या फॉर्म भरायच्या केंद्रावर रडवेली होऊन आली. घरी लॅपटॉपवर प्रवेशाचा अर्ज भरत होती. चार पानं झाली आणि पाचवं उघडेना. फोनवर कुणीतरी सांगितलं, ‘कुकीज उडव, होईल चालू.’ तिने उडवल्या, त्याही सगळ्या साइटच्या, अगदी पहिल्या दिवसापासूनच्या. भरलेली चार पानं गेली. मेलमधूनही ती बाहेर पडली, आणि मेलचा पासवर्ड बदलायचा तर ओटीपी जाणार वडिलांच्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर. “दादा, मी फक्त कुकीज डिलीट केल्या,” एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

चूक तिची नव्हती. कुकी म्हणजे नेमकं काय, हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर चपला दिल्या की हातात नंबराचा बिल्ला मिळतो. त्यावर आपलं नाव नसतं, नुसता आकडा असतो. परत आल्यावर बिल्ला दाखवायचा आणि चपला घ्यायच्या. कुकी अगदी अशीच असते. वेबसाइटला मुळात काही लक्षात राहत नाही. एक पान मागितलं, तिने दिलं, संपलं. दुसरं पान मागणारा माणूस तोच आहे हे तिला कळत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या इंजिनिअरने यावर तोडगा काढला. साइट ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी देते, ब्राउझर ती सांभाळतो आणि पुढच्या वेळी त्या साइटकडे जाताना आपणहून दाखवतो. तुमचं लॉगिन टिकतं, खरेदीच्या टोपलीत टाकलेली वस्तू तिथेच राहते, निवडलेली भाषा मराठीच राहते, ते या चिठ्ठीमुळे.

चिठ्ठीत नुसता मजकूर असतो, त्यामुळे कुकी म्हणजे व्हायरस नव्हे. आणि एक कुकी साधारण ४ केबीच्या आतच असते, तेव्हा फोनमध्ये जागा करायला कुकीज पुसण्यात अर्थ नाही. जागा खातो तो कॅशे, म्हणजे पानं पुढच्या वेळी पटकन उघडावीत म्हणून ब्राउझरने साठवून ठेवलेली चित्रं आणि फाइली. पुसण्याच्या पानावर त्याची वेगळी खूण असते.

सरसकट सगळं पुसणं

त्या मुलीच्या अर्जाचं काय झालं असावं? भरलेली पानं साइटच्या सर्व्हरवर तात्पुरती ठेवलेली होती. ती कोणाची, हे सांगणारा बिल्ला मात्र तिच्या ब्राउझरमध्ये होता. बिल्ला फेकल्यावर चपला स्टँडवरच राहिल्या, मागायला कुणी उरलं नाही.

म्हणून अर्ज अडकला की आधी ‘सेव्ह’ दाबा, अर्ज क्रमांक आला असेल तर कागदावर उतरवून घ्या, भरलेल्या पानांचे मोबाइलने फोटो काढा. मग पान रिफ्रेश करा. नाहीच झालं तर फक्त त्या एका साइटच्या कुकीज पुसा. क्रोममध्ये वर पत्त्याच्या पट्टीत साइटच्या नावाच्या डावीकडे एक छोटं चिन्ह असतं. ते दाबलं की ‘कुकीज अँड साइट डेटा’ दिसतं, आणि तिथून त्याच साइटचा साठा काढता येतो. बाकीची लॉगिन जशीच्या तशी राहतात. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबून सगळं पुसायचा मार्ग अगदी शेवटचा. त्या वाटेने जाण्याआधी आपल्या मेलचा पासवर्ड आठवतो का आणि ओटीपीचा नंबर चालू आहे का, एवढं जरूर पाहा.

एकाच ब्राउझरमध्ये दोघांचे अर्ज

ही चूक मी दर भरतीच्या हंगामात पाहतो आणि यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. एका टॅबमध्ये भावाचं लॉगिन, दुसऱ्या टॅबमध्ये बहिणीचं. टॅब दोन दिसले तरी ब्राउझरच्या खिशात त्या साइटचा लॉगिनचा बिल्ला एकच मावतो. बहिणीचं लॉगिन झालं की भावाच्या बिल्ल्यावर तिचा बिल्ला बसतो. भावाचा टॅब समोर उघडाच असतो, वर नावही त्याचंच दिसत असतं, कारण ते पान आधी आलेलं आहे. तिथे ‘सबमिट’ दाबलं की त्याची माहिती बहिणीच्या खात्यात जाऊन पडू शकते. एका घरात वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, दोघांचे फोटो आणि सह्या अशा एकमेकांत गेल्या होत्या. शेवटच्या तारखेला दोन दिवस उरले असताना ते निस्तरायला अख्खी दुपार गेली.

दोन अर्ज एकाच वेळी भरायचे असतील तर दोन वेगळे ब्राउझर घ्या, एक क्रोम आणि एक फायरफॉक्स. किंवा एक साधी खिडकी आणि एक इन्कॉग्निटो, म्हणजे आपल्या कुकीज वेगळ्या ठेवणारी आणि बंद केल्यावर पुसून टाकणारी खासगी खिडकी. दोन इन्कॉग्निटो खिडक्या उघडून मात्र उपयोग नाही. क्रोममध्ये एकाच वेळी उघडलेल्या सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्यांचा खिसा एकच असतो.

पैसे गेले आणि ‘सेशन एक्सपायर्ड’

फी भरायला साइट तुम्हाला बँकेच्या पानावर पाठवते. ओटीपी टाकला, खात्यातून पैसे वजा झाल्याचा मेसेज आला, आणि परत आल्यावर साइट म्हणते पुन्हा लॉगिन करा. घाबरून लोक दुसऱ्यांदा पैसे भरतात. तसं करू नका.

अनेकदा घडतं ते असं. बँकेच्या दारातून परत येताना ब्राउझरने बिल्ला दाखवलाच नाही. दुसऱ्या साइटवरून आलेल्या मागणीबरोबर कुकी पाठवायची की नाही, याचे नियम क्रोमने २०२० पासून कडक केले आहेत, आणि ज्या साइटनी त्याप्रमाणे बदल केले नाहीत त्यांच्याकडे लॉगिन तुटू शकतं. कधी बँकेच्या पानावर जास्त वेळ गेल्याने मुदतही संपते. पैसे भरल्याची खबर बँक सहसा साइटला परस्पर, वेगळ्या वाटेनेही देते. तेव्हा व्यवहार क्रमांक जपून ठेवा, नव्याने लॉगिन करा आणि आधी पेमेंटची स्थिती पाहा.

लॉगिन केलं तरी साइट पुन्हा पुन्हा लॉगिनवरच आणून सोडत असेल, तर कुकीज पूर्ण बंद तर केल्या नाहीत ना ते बघा. फोनची तारीख-वेळ चुकलेली असेल तरीही असं होऊ शकतं. वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा.

दिसेल तिथे ‘ॲक्सेप्ट ऑल’

सगळे बिल्ले तुमच्या कामाचे नसतात. तुम्ही बातमी वाचत असता, त्या पानावरची जाहिरात तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून आलेली असते आणि तीही आपला बिल्ला तुमच्या खिशात सरकवते. त्याच कंपनीच्या जाहिराती आणखी पन्नास साइटवर असतात. प्रत्येक ठिकाणी तिला तोच बिल्ला दिसतो. आईसाठी शिलाई मशीन एकदा पाहिलं की महिनाभर क्रिकेटच्या स्कोअरशेजारीही मशीनच दिसतं, ते यामुळे.

परवानगी विचारणाऱ्या त्या पट्ट्या युरोपातल्या कायद्यांमुळे आल्या. आधीच टिक करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असं युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये सांगितलं. नकार देणं होकाराइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून फ्रान्सच्या नियामक संस्थेने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचं जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालं. आपल्या २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यातही संमती मोकळेपणाने आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी असंच म्हटलं आहे. तेव्हा ‘रिजेक्ट’ दाबायला बिचकू नका. लॉगिन आणि टोपलीसाठी लागणाऱ्या आवश्यक कुकीज त्यानंतरही चालू राहतात.

सफारी २०२० पासून तिसऱ्या कंपन्यांच्या कुकीज आपणहून अडवतो, फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटचा डबा वेगळा केला, म्हणजे एका साइटवर दिलेला बिल्ला दुसऱ्या साइटवर दिसत नाही. क्रोममधून त्या काढून टाकायचा बेत गूगलने २०२० मध्ये जाहीर केला होता, पण पुढे सोडून दिला. म्हणून क्रोममध्ये हे काम आपल्यालाच करावं लागतं: सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे थर्ड पार्टी कुकीज ब्लॉक. एखादं जुनं पोर्टल अडलंच तर तेवढ्यापुरती सूट देता येते.

टॅब बंद केला म्हणजे बाहेर पडलो असं समजणं

चप्पल स्टँडवाला तुमचा चेहरा बघत नाही, बिल्ला बघतो. लॉगिनच्या कुकीचंही तसंच आहे. ती ज्याच्या हाती, साइटच्या लेखी तो तुम्ही. पासवर्ड आणि ओटीपी या दोन्ही पायऱ्या तुम्ही आधीच चढून गेलेले असता, त्यामुळे चोराला त्या पुन्हा चढाव्या लागत नाहीत.

नेट कॅफेत किंवा ऑफिसच्या सामाईक संगणकावर टॅब बंद करून उठू नका, लॉगआउट दाबा आणि लॉगिनचं पान परत दिसेपर्यंत थांबा. ब्राउझर ‘जिथे सोडलं तिथून सुरू करा’ या सेटिंगवर असेल, तर संगणक बंद करून पुन्हा चालू केल्यावरही तुमचं खातं उघडं मिळू शकतं. आमच्या केंद्रात सकाळी पहिला संगणक लावला की आदल्या दिवशीच्या कुणाचा तरी मेल समोर उभा राहायचा. आता आम्ही सगळ्यांना गेस्ट खिडकीच उघडून देतो. ती बंद केली की आतल्या कुकीज जातात.

घरच्या संगणकावरही फुकटच्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरमधून कुकीज चोरणारे प्रोग्राम येतात. तसा संशय आला तर ते यंत्र बाजूला ठेवा आणि दुसऱ्या, खात्रीच्या फोनवरून पासवर्ड बदला. मग खात्याच्या सुरक्षा पानावरून ‘सगळ्या डिव्हाइसमधून साइन आउट’ करा. त्याने चोराच्या हातातला बिल्लाही रद्द होतो. हे सगळं सगळ्यात आधी मेलच्या खात्यावर करा, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक तिथेच येतात.