स्मार्ट पाणी मीटर बसवायचेत? टेंडरच्या आधी हे बघा

शहरात स्मार्ट मीटर बसवायचं ठरलं की पहिली मीटिंग मीटर कुठल्या कंपनीचा आणि अ‍ॅपवर काय काय दिसणार यावरच जाते, आणि मग कोणीतरी विचारतं की कनेक्शनं नेमकी किती आहेत, की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. पाणीपट्टीचं रजिस्टर एक आकडा सांगतं, घरपट्टीचं दुसरा, आणि गल्लीत प्रत्यक्ष फिरलं तर तिसराच निघतो.

म्हणून सुरुवात तिथून करा. घरोघरी सर्व्हे, प्रत्येक नळजोडणीचं लोकेशन, पाइपचा साइज, खाली संप (जमिनीखालची पाण्याची टाकी) आहे का, घरपट्टीचा नंबर, सगळं एका जागी. सोबत जुना व्हॉल्व्हमन घ्याच, कुठली लाइन कुठून वळवलीय हे नकाशात नसतं, त्याच्या डोक्यात असतं, आणि तो रिटायर झाला की गेलंच ते.

मग झोन पाडा, म्हणजे डीएमए, आत गेलेलं पाणी वेगळं मोजता येईल असे शहराचे भाग. पुण्याच्या चोवीस तास पाणी योजनेत शहराचे 141 झोन पाडलेत ते याचसाठी. प्रत्येक झोनला पाणी शक्यतो एकाच ठिकाणाहून आत यावं आणि तिथे बल्क मीटर, म्हणजे अख्ख्या झोनचं पाणी मोजणारा मोठा मीटर हवा. झोन खरंच बंद आहे का हे तपासायला इनलेटचा व्हॉल्व्ह बंद करा आणि आतला प्रेशर बघा. शून्यावर आला नाही तर शेजारच्या झोनमधून कुठूनतरी पाणी घुसतंय, ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. रात्री दोन ते चारचा फ्लो बघून गळती ओळखतात, पण ते चोवीस तास पुरवठ्यात. आपल्याकडे दोन तास पाणी येतं तिथे या आकड्याला काही अर्थ नाही, तिथे एका पाळीत झोनमध्ये गेलेलं पाणी आणि घरच्या मीटरांची बेरीज ताडून बघायची.

आता मीटर. इथे जरा डोकं लावा, कारण पैसे इथेच बुडतात. आपल्या घरांत संप आणि बॉल कॉक असतो, टाकी भरत आली की बॉल कॉक हळूहळू बंद होतो आणि शेवटचं पाणी अगदी बारीक धारेनं येत राहतं, ती धार साध्या मीटरला धड मोजताच येत नाही. टेंडरमध्ये आर व्हॅल्यू लिहिलेली असते ती याचसाठी बघायची, ती जितकी मोठी तितकी बारीक धार मीटर मोजतो. क्यू3, म्हणजे मीटर कायम पेलू शकतो तो प्रवाह, ताशी 2.5 घनमीटर असलेला मीटर आर80 असेल तर अचूक मोजणीची खालची मर्यादा येते ताशी साधारण 31 लिटर, आर160 ला 16 च्या आसपास, आर400 ला सव्वासहा लिटर. ताशी 10 लिटरची धार महिनाभर चालली तर 7,200 लिटर होतात, आणि मीटरने ते मोजलं नाही तर पुढे कितीही स्मार्ट सिस्टीम लावा, हिशोबात ते येणारच नाही.

दुसरी भानगड हवेची. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, परत सोडलं की आधी हवा धावते आणि पंख्याचा मीटर गरगर फिरतो. लोक म्हणतात हवेचं बिल आलं, आणि ते खोटं नसतं. अल्ट्रासॉनिक मीटरात, म्हणजे पंख्याऐवजी ध्वनिलहरींनी मोजणाऱ्या, हा त्रास कमी, पण कुठलाही मीटर लाइनच्या खालच्या भागात बसवा म्हणजे पाइप भरलेला राहतो, आणि झोनच्या उंच टोकाला एअर व्हॉल्व्ह ठेवा.

मीटरचं रीडिंग रेडिओवरून कसं आणायचं? रिक्षा-बाइकवरून फिरत रीडिंग घेणारा एएमआर स्वस्त पडतो, महिन्याच्या बिलाला पुरतो. रोज तासाचा डेटा हवा असेल तर एएमआय, म्हणजे मीटर स्वतःच रीडिंग पाठवतो, लोरा (लांब पल्ल्याचा कमी वीज खाणारा रेडिओ) किंवा एनबी-आयओटी (मोबाइल नेटवर्कवरून) वापरून. लोरा 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या बिनपरवाना बँडवर चालतं, पण गेटवे, म्हणजे मीटरचे सिग्नल गोळा करणारी यंत्रं, तुमचे तुम्हाला सांभाळावे लागतात, आणि एनबी-आयओटीला सिमचा खर्च दर वर्षी येतो. काहीही घ्या, चेंबरवर लोखंडी झाकण असलं आणि पावसाळ्यात आत पाणी भरलं तर सिग्नल बाहेर येत नाही, त्यामुळे झाकण प्लास्टिकचं आणि मीटर आयपी68, म्हणजे पाण्यात बुडाला तरी चालणारा. तासाला रीडिंग साठवायचं आणि दिवसातून एकदा पाठवायचं, नाहीतर बॅटरी दहा वर्षं चालेल हे कागदावरच राहतं. कंत्राटदाराला सगळे पैसे मीटर बसवल्यावर देऊन टाकू नका, काही हिस्सा दर महिन्याला किती मीटरांचं रीडिंग आलं त्याला बांधा.

दर आधी जाहीर करा. माणशी 135 लिटर धरले तर पाच जणांच्या घराला दिवसाला 675 लिटर, महिन्याला वीस हजारांच्या आसपास, पहिला टप्पा इथपर्यंत स्वस्त ठेवा. कराडजवळच्या मलकापूरने मीटर आणि टप्प्याटप्प्याने वाढणारे दर लावून चोवीस तास पाणी दिलंय, तिथे एकदा जाऊन या.

आधी एकच झोन घ्या, हजारेक कनेक्शनांचा, आणि त्यात एक तरी जुनी दाट वस्ती हवीच, सगळा नवीन सोसायट्यांचा झोन घेतला तर पायलट मस्तच जातो आणि हाती काही लागत नाही. पहिली दोन-तीन बिलं नुसती दाखवायला पाठवा, भरायला जुनंच. आणि जुना मीटर काढताना शेवटच्या रीडिंगचा फोटो आणि घरमालकाची सही घ्या, बिलावरचं अर्धं भांडण त्या एका फोटोवर मिटतं.