पिकअपला रिमोट स्टार्ट बसवताय? आधी या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये भर दुपारी मार्केट यार्डात माल उतरवून केबिनमध्ये चढलं, की स्टिअरिंगला हात लाववत नाही. पाच मिनिटं आधी एसी चालू करून ठेवता आला तर ड्रायव्हरला मोठाच आराम. त्यामुळे रिमोट स्टार्ट, म्हणजे लांबून बटण दाबून इंजिन चालू करणारं किट, बसवावंसं वाटणं अगदी रास्त आहे. पण बरीचशी किट ऑटोमॅटिक गाडी गृहीत धरून बनवलेली असतात. ऑटोमॅटिकमध्ये गिअर 'पी' (पार्क) किंवा 'एन'वर (न्यूट्रल) नसेल तर सेल्फच लागत नाही. बोलेरो पिकअप, योद्धा, इंट्रा या आपल्या रोजच्या गाड्या मॅन्युअल गिअरच्या. गाडी न्यूट्रलमध्ये आहे की नाही हे त्यांच्यात किटला आपोआप कळत नाही, आणि सगळ्यात घातक चुका इथेच होतात.

क्लच स्विच 'डायरेक्ट' करणं

बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. रिमोटवर क्लच दाबणार कोण? मग वायरमन पेडलमागच्या स्विचच्या वायरी कायमच्या जोडून टाकतो. गाडी रिमोटवर चालू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण त्या घटकेपासून गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी असली तरी सेल्फ लागतो. नुसत्या सेल्फ मोटरच्या जोरावर पिकअप जागची पुढे सरकते, आणि इंजिनाने पकड घेतली तर थांबवायला आत कोणी नसतं. समोरच्या गाडीच्या मागे हमाल उभा आहे का, लहान मूल खेळतंय का, हे लांबून रिमोट दाबणाऱ्याला दिसत नाही.

त्यात आपल्याला उतारावर गाडी गिअरमध्ये टाकून लावायची सवय आहे. ती चांगलीच सवय आहे, सोडू नका. पुण्यात धनकवडी, वारजे, बावधन भागातल्या चढ-उतारांवर भरलेली गाडी एकट्या हँडब्रेकवर सोडणं धोक्याचं. म्हणूनच ज्याची गाडी रोज उतारावर लागते त्याने रिमोट स्टार्टच्या नादी लागूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सपाट जागेवर लावत असाल तर मॅन्युअल गाडीसाठी 'रेडी मोड' असलेलंच किट घ्या. त्याची पद्धत अशी: इंजिन चालू असताना गिअर न्यूट्रलला आणायचा, हँडब्रेक ओढायचा, रिमोटचं बटण दाबायचं आणि किल्ली काढायची. इंजिन चालूच राहतं. मग खाली उतरून दारं लावली, लॉक केली, की इंजिन आपोआप बंद होतं. याचा अर्थ, शेवटचा माणूस उतरला तेव्हा गाडी न्यूट्रलमध्ये होती याची किटला खात्री पटली. त्यानंतर कुठलंही दार उघडलं की ती खात्री रद्द, आणि रिमोट चालता कामा नये. काही मालकांना ही रोजची कटकट वाटते आणि ते वायरमनकडून हा मोड काढून घेतात. असं करू नका. क्लच स्विचसाठीही वेगळा रिले (करंटवर चालणारा स्विच) हवा, जो फक्त रिमोटने सेल्फ लागताना जोडला जाईल. किल्लीने चालू करताना क्लच पूर्वीसारखाच दाबावा लागला पाहिजे.

गाडी ताब्यात घेताना तिथेच तपासणी करा. रेडी मोड लावा, उजवं दार उघडून बंद करा, रिमोट दाबा. सेल्फ लागता कामा नये. मग हेच डाव्या दाराने करा. पिकअपमध्ये डाव्या दाराचा स्विच गंजलेला असतो, कधी मुळात नसतोच, आणि क्लीनर त्याच दाराने आत बसतो, गिअरच्या दांड्याला त्याचा गुडघा लागतो. स्विच नसेल तर आधी तो बसवा. काचा मात्र बंदच ठेवा, कारण खिडकीतून हात घालून कोणी गिअर टाकला तर तो किटला कळत नाही. हँडब्रेकची वायर थेट अर्थ करून ठेवलेली नाही ना, हेही बघा: हँडब्रेक सोडून रिमोट दाबला तर गाडीने नकार द्यायला हवा. बॉनेटचा स्विचही 'नंतर लावू' म्हणून सोडू नका. बॉनेट उघडून फॅनबेल्टमध्ये हात असताना दुसऱ्याच्या खिशातला रिमोट दाबला जाऊ शकतो.

दुसरी किल्ली डॅशबोर्डमध्ये अडकवणं

इमोबिलायझर असलेल्या गाडीला किल्लीतली चिप ओळखू आली नाही तर इंजिन चालत नाही. यावर सोपा उपाय म्हणून गाडीसोबत आलेली दुसरी किल्लीच स्टिअरिंगखाली बांधून टाकतात. ती चोराच्या हाती लागली तर गाडी आयतीच गेली. शिवाय चोरीचा दावा करताना विमा कंपन्या मूळ किल्ल्या मागतात. तिसरी किल्ली प्रोग्रॅम करून घ्या आणि तिची फक्त चिप वापरा, किंवा गाडीच्या मॉडेलला चालणारं बायपास मॉड्यूल (चिपचं काम करणारा डबा) लावा.

वायरीचे कच्चे जोड

इग्निशन स्विचमागच्या जाड वायरी रंग बघून नाही, मल्टिमीटरने ओळखायच्या. एक वायर किल्ली 'ऑन'ला असताना आणि सेल्फ मारतानाही १२ व्होल्ट दाखवते, ती मुख्य इग्निशन. 'ऑन'ला १२ व्होल्ट आणि सेल्फ मारताना शून्य, अशी असते अ‍ॅक्सेसरीची किंवा ब्लोअरकडे जाणारी वायर. फक्त सेल्फ मारतानाच जिवंत होते ती स्टार्टरची. ब्लोअरची वायर राहिली तर इंजिन चालू होतं, पण एसीची हवा येत नाही, म्हणजे सगळा खटाटोप वाया. पिवळ्या कनेक्टरला मात्र हात लावायचा नाही, ती एअरबॅगची लाइन.

या वायरींतून बराच करंट जातो. नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात बघा: टेपचा गोंद चिकट होऊन ओघळतो, टेप सरकते आणि तांबं उघडं पडतं. सोल्डर करा, वर हीट-श्रिंक नळी घाला आणि प्रत्येक पुरवठा वायरीला बॅटरीच्या बाजूने फ्यूज लावा.

किटमध्ये डिझेलची सेटिंग करायलाही विसरू नका. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे हीटर प्लग (थंड डिझेल इंजिनाला आतून ऊब देणारे) तापायच्या आत सेल्फ लागला तर गाडी कुरकुरते आणि बॅटरी उतरते. मीटरवरचा हीटर प्लगचा, वेटोळ्याच्या चिन्हाचा दिवा विझेपर्यंत किटने थांबलं पाहिजे.

रस्त्यावर वापरणं

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी चालकाच्या आसनावर परवानाधारक नसेल, तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. म्हणजे हे सगळं स्वतःच्या आवारात. तेही उघड्यावरच. शटर ओढलेल्या गाळ्यात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये धूर कोंडतो. वेळ पाच ते दहा मिनिटांची ठेवा. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ गाड्या तासन्‌तास जागेवर चालवल्या तर फिल्टरमध्ये काजळी साठते.

बसवल्यावर येणाऱ्या तक्रारी

इंजिन चालू होऊन दोन-तीन सेकंदांत बंद पडत असेल तर आधी इमोबिलायझरचं बायपास तपासा. इंजिन चालू झाल्यावरही सेल्फ घरघरत राहत असेल तर किटला आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) सिग्नल मिळत नाही. ते दुरुस्त होईपर्यंत रिमोट वापरू नका, सेल्फचे दाते जातील. रिमोट जवळूनच चालत असेल तर अँटेना पत्र्यामागे दबलेला असतो, तो काचेवर वर चिकटवा. ब्रेक दाबताच इंजिन बंद पडतं, तो दोष नाही: आधी किल्ली 'ऑन' करायची, मग ब्रेकवर पाय.

सकाळी बॅटरी उतरलेली सापडत असेल तर गाडी बंद करून, दारं लावून अर्धा तास थांबा आणि बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीत मल्टिमीटर सिरीजमध्ये लावा. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट दिसला तर किटचा फ्यूज काढून पुन्हा बघा. आकडा खाली आला तर दोष किटमध्ये किंवा त्याच्या जोडात आहे. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.