जिताड्याचं पोट तपासायचं तर

ओडिशातल्या चिलिका सरोवरात भेकटीच्या पोटात काय सापडतं हे बघायचं असेल, तर आधी ती कशात धरली ते विचारा. भेकटी म्हणजे आपला जिताडाच, आमच्या पेणकडे शेततळ्यात वाढवतात तो. बालुगावच्या धक्क्यावरून आणलेल्या माझ्या पहिल्या खेपेत सगळी पोटं कोळंबीने गच्च होती. मी खूश! मग मासे देणाऱ्या काकांनी सांगितलं, हे सापळ्यातले. रात्रभर मासा आणि कोळंबी एकाच पिंजऱ्यात. दुसरं काय खाणार तो? अख्खी खेप बाद करावी लागली.

मासा मेला तरी पोटातलं पचन थांबत नाही, म्हणून लगेच बर्फात घाला. तोंडात आणि कल्ल्यांजवळ बघा. जाळ्यात धडपडताना मासा ओकतो, मग रिकामं पोट उपाशी माशाचं की ओकलेल्याचं, हे कळायला तेवढाच धागा उरतो. मासा मोजून-तोलून घ्या, गुदद्वारापासून पुढे कात्रीने चिरा, जठराची दोन्ही टोकं दोऱ्याने बांधूनच बाहेर काढा.

आतलं बारीक चाळणीत धुवायचं. अख्खा मासा क्वचितच मिळतो. मणके, खवले, कोळंबीचं करवतीसारखं शिंग, खेकड्याची नांगी, यांवरून ओळख पटवायची. सर्वांत भरवशाचे गिळलेल्या माशांच्या कानातले खडे: तांदळाच्या कणीएवढे, पण जातीजातीचा आकार वेगळा. त्यासाठी बाजारातून बोय, तारली वगैरे घेऊन त्यांचे खडे आधीच काढून ठेवा. मात्र खडे पोटात टिकून राहतात, त्यामुळे नुसते तेच मोजले तर माशांचं पारडं उगाच जड होतं. वजनही घ्याच.

हिशेब सोपा आहे. समजा 40 पोटं, त्यातली 10 रिकामी. कोळंबी 18 पोटांत मिळाली, तर 18 भागिले 30, म्हणजे 60 टक्के. रिकामी वेगळी मांडा, लपवू नका. मासेखाऊ माशात ती बरीच निघतात.

लहान-मोठे जिताडे एकत्र करू नका. पिल्लं बारीक कवचधारी खातात, वाढल्यावर माशांकडे वळतात. ऋतू आणि जागाही लिहा. पावसाळ्यात दया-भार्गवी नद्यांचं गोडं पाणी उत्तरेकडून येतं, उन्हाळ्यात खारेपणा चढतो, तसं ताटही बदलतं.

नमुन्याची चिठ्ठी पेन्सिलीने लिहा आणि त्याच्या बाटलीच्या आतच टाका. स्पिरिटमध्ये बॉलपेनची शाई उतरते.